विंडोज ११ चं अपग्रेड दर वेळी अर्ध्यातून मागे फिरतंय? आधी ते कितव्या टक्क्याला फिरतंय ते बघा

लक्षण असं आहे. लॅपटॉप जुना, तरी विंडोज ११ ला पात्र. डाउनलोड व्यवस्थित होतं, मशीन रीस्टार्ट होतं, पडद्यावर टक्के चढू लागतात. पंधरा, वीस, पंचवीस. मग कधीतरी सगळं अंधारतं, 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाची ओळ येते आणि अर्ध्या-पाऊण तासाने तेच जुनं विंडोज १० समोर येतं. काही बिघडलेलं नसतं आणि काही झालेलंही नसतं. दुसऱ्या दिवशी अपडेट पुन्हा 'तयार आहे' म्हणतं. आपण पुन्हा बटण दाबतो आणि रात्र पुन्हा वाया जाते.

माझ्या मामांच्या कारखान्यातल्या लॅपटॉपने हे चार रात्री केलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे लूम आहेत. ऑफिस म्हणजे लूमच्या शेडला लागून काढलेली एक पत्र्याची खोली. लॅपटॉप २०१८ चा, आय-५ ८२५० यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम. मूळची हार्डडिस्क काढून मी मागेच २५६ जीबीची एसएसडी बसवली होती. हिशेबाचं टॅली, जीएसटीचं काम, चलनं छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बँकेचं सगळं त्याच्यावरच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनला सुरक्षेचे अपडेट नसणं मला पटत नव्हतं. दिवाळीत लूम बंद असतात. लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर लॅपटॉपलाही हळदीकुंकू लागलं, आणि पाडव्याच्या रात्री मी अपग्रेड लावलं.

खाली लिहिलेलं सगळं त्या चार-पाच दिवसांत शिकलेलं आहे. एकच लक्षण, पण कारणं दोन निघाली, आणि पहिलं दूर झाल्याशिवाय दुसरं दिसत नव्हतं.

आधी पात्रता, पण थोडक्यात

इंटेलच्या प्रोसेसरचा नंबर बघा. ८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. ७२०० असेल तर सातवी. अगदी मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि एएमडीत साधारण रायझन २००० मालिकेपासून. याशिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालवू शकणारं यूईएफआय, म्हणजे नव्या प्रकारचं बायोस, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची डिस्क लागते. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं ॲप हे सगळं तपासून सांगतं.

मामांच्या लॅपटॉपला त्या ॲपने आधी 'अपात्र' म्हणून सांगितलं. अण्णांनी, म्हणजे कारखान्याच्या मुनीमजींनी, लगेच विचारलं, "म्हणजे नवीन घ्यावा लागतंय की काय?" अजिबात नाही. टीपीएम मशीनमध्ये होतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बंद होतं. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीत 'एफटीपीएम'. सुरू केलं, सेव्ह केलं, ॲप हिरवं झालं. मात्र बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट कराच: ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेला, आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन ती की मागतं, आणि ती नसेल तर आतला सगळा हिशेब आतच राहतो.

प्रोसेसरच सातव्या पिढीचा किंवा त्याच्याही आधीचा असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. अट चुकवून विंडोज ११ घालण्याचे मार्ग आहेत हे मला माहीत आहे. ज्या मशीनवर दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याचा हिशेब आहे तिथे मी ते वापरत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर अपडेटच्या पानावरूनच नाव नोंदवता येतं. निव्वळ ब्राउझर आणि व्हिडिओपुरता लॅपटॉप असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली उत्तम चालते. पण टॅली विंडोजचं आहे, त्यामुळे आमच्याकडे तो पर्याय नव्हता.

बॅकअप

यात घाई नको. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. नुसती पेनड्राइव्हवर कॉपी पडली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. मी बॅकअप घरच्या कॉम्प्युटरवर उघडला, मार्चअखेरचा ताळेबंद जुळतोय हे बघितलं, आणि मगच पुढे गेलो. डिजिटल सहीच्या टोकनचा पासवर्ड, प्रिंटरचं मॉडेल आणि त्याचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), बँकेच्या साइटला लागणारी छोटी सॉफ्टवेअरं यांची यादी अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. नंतर तीच उपयोगी पडली.

पहिल्या दोन रात्री

पहिल्या रात्री अपग्रेड लावून मी घरी आलो. सकाळी अण्णांचा फोन: "जुनंच आहे की हे." रात्री त्या भागात लाईट गेली होती असंही कळलं. आम्ही दोघांनीही लाईटला दोष दिला आणि विषय संपवला. सोलापुरात काही बंद पडलं की पहिला संशय लाईटवरच जातो, त्यात नवल नाही.

तरी मी बॅटरी तपासली. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की विंडोज एक अहवाल तयार करतं. त्यात दोन आकडे बघायचे: बॅटरी नवी असताना किती ऊर्जा धरायची, आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती धरते. आमचा दुसरा आकडा पहिल्याच्या सातव्या भागाइतकाही नव्हता. म्हणजे लाईट गेल्यावर हे मशीन जेमतेम काही मिनिटं तग धरणार. अपग्रेड मात्र दीड-दोन तासांचं. तुमच्या अहवालातला दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर अपग्रेडच्या रात्री लॅपटॉप इन्व्हर्टरच्या लाईनवरच लावा. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर आधी बॅटरी बदला, त्याशिवाय बाकी काही करू नका.

दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरवर लावलं. लाईट रात्रभर होती. सकाळी पुन्हा विंडोज १०.

इथे मी चूक केली असती तर ती हीच, की तिसऱ्यांदा तेच बटण तसंच दाबलं असतं. अपग्रेड तुमचं काही बिघडू न देता मागे फिरतं, ही त्याची चांगली बाजू. पण मागे फिरताना ते एक आकडा सोडून जातं, आणि तो वाचल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

तो आकडा कुठे असतो, काय सांगतो

विंडोज अपडेटमधून अपग्रेड केलं असेल तर अपडेट हिस्टरीत, आणि सेटअपची फाइल उतरवून केलं असेल तर विंडोज १० परत आल्यावर येणाऱ्या चौकटीत. आमचा होता ०एक्ससी१९००१०१, आणि त्याला जोडून ०एक्स२००१७ (पडद्यावर 0xC1900101 - 0x20017 असा दिसतो).

पहिला भाग सर्वसाधारण आहे. तो एवढंच म्हणतो की वाटेत काहीतरी अडलं आणि मी मागे आलो. बहुतेकदा ड्रायव्हर, पण नेहमी नाही. खरी माहिती दुसऱ्या भागात असते, आणि त्यातही '०एक्स' सोडून सुरुवातीच्या अंकात. १ असेल तर गाडी अजून जुन्या विंडोजमध्येच होती. २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतरचा टप्पा, जिथे जुनं विंडोज बाजूला ठेवून नव्याच्या फाइली मांडल्या जातात. ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा सुरू झालं आणि यंत्रातली उपकरणं ओळखू लागलं. ४ म्हणजे दुसऱ्यांदा सुरू होऊन तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज आत आणत होतं.

पडद्यावरच्या टक्क्यांशी याचा ढोबळ मेळ बसतो. साधारण तिशीपर्यंत दुसरा टप्पा, तिथून पंचाहत्तरच्या आसपास तिसरा, पुढे चौथा. म्हणून कुणी मला 'अपग्रेड होत नाही' म्हणून फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो, किती टक्क्यांवर? उत्तर सहसा येत नाही, कारण अपग्रेड लावून सगळे झोपायला जातात. मीही तेच केलं होतं. तिसऱ्या रात्री खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसलो.

पडद्याऐवजी पंखा ऐकला

वीस टक्क्यांपर्यंत सगळं ठीक. मग पंख्याचा आवाज चढू लागला, आणि चढतच राहिला. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला हात ठेवला तर चटका बसला. पंखा एवढा घोंघावत होता तरी जाळीतून वारा बाहेर येत नव्हता. सत्तावीस टक्क्यांवर लॅपटॉप एका झटक्यात बंद पडला. संदेश नाही, काही नाही. पुन्हा सुरू केला तर 'बदल मागे घेत आहोत'.

म्हणजे अपग्रेड मागे फिरत नव्हतं, त्याच्या पायाखालचं मशीनच बंद पडत होतं. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवायला वीज तोडतो. रोजच्या कामात, टॅलीच्या नोंदी करताना, त्याच्यावर इतका ताण येत नाही म्हणून ते कधी कळलं नव्हतं. अपग्रेडचा दुसरा टप्पा मात्र कित्येक जीबी फाइली उलगडतो, प्रोसेसर सलग कामात असतो आणि त्याला दम खायला वेळ मिळत नाही.

मग मी मागच्या नोंदी काढल्या. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे 'कर्नल-पॉवर', इव्हेंट ४१. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं की ही नोंद होते. एप्रिल आणि मे महिन्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशा नोंदींची रांग लागलेली होती. अण्णांना विचारलं तर म्हणाले, लाईट जाते ना दुपारची. मी विचारलं, "त्या वेळी लूम बंद पडायचे का, अण्णा?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "लूम चालूच असायचे."

लाईट गेली असती तर आधी लूम थांबले असते.

तुम्हीही हे ताडून बघा. ४१ ची नोंद तुमच्याकडे असेल तर त्या वेळी घरातला पंखा, दिवा चालू होता का ते आठवा. चालू असेल तर दोष लॅपटॉपच्या आत आहे: उष्णता, बॅटरी किंवा चार्जर. तापमान बघायला 'एचडब्ल्यू इन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. या ८२५० यू ची वरची मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. आमचा लॅपटॉप काहीही न करता ६८ दाखवत होता, आणि काम दिल्यावर चार मिनिटांत ९८. ऑक्टोबरच्या रात्रीची ही अवस्था. मे महिन्यात, बाहेर ४३ आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, तेव्हा काय होत असेल याचा विचारही नको वाटतो.

आत काय निघालं

मागचं झाकण उघडलं आणि आम्ही तिघेही बघत राहिलो. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधल्या फटीत सुताच्या तुसाचा एक घट्ट थर बसला होता. बोटाने ओढला तर अख्खा निघाला, घोंगडीच्या कापलेल्या तुकड्यासारखा. लूमच्या शेडमध्ये तूस सतत हवेत असतो. कपाळावर, भुवयांवर बसतो, पत्र्यांना लोंबतो, तसाच तो पंख्यात ओढला जातो. साधी धूळ जाळीतून थोडीफार आरपार जाते. तूस एकमेकांत अडकतो आणि त्याची गादी बनते.

त्यात भर म्हणजे टेबलावर कायम अंथरलेली चादर. लॅपटॉप वर्षानुवर्षं तिच्यावर ठेवलेला. वारा आत घ्यायच्या जाळ्या खालच्या बाजूला असतात, आणि सोलापुरी चादरीची जाड वीण त्या अगदी नीट झाकून टाकते. मामांना हे सांगताना मला जड गेलं, कारण ती चादर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या टेबलावर आहे. त्यांनी ती काहीही न बोलता घडी घालून कपाटात ठेवली. आता लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर असतो.

सफाई करताना काही गोष्टी सांभाळा. आधी बॅटरीची वायर मदरबोर्डवरून काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, कारण जोराच्या वाऱ्याने ती वेड्यासारखी फिरली तर पंख्याचं बेअरिंग जातं. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट सात वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी, तुरीच्या दाण्याएवढीच, लावा. हात कापत असतील तर नवी पेठेत किंवा तुमच्या भरवशाच्या रिपेअरवाल्याकडे द्या, पण 'पंखा उघडून साफ करा आणि पेस्ट बदला' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'सर्व्हिसिंग करा' म्हटलं तर वरवर ब्लोअर मारून परत मिळण्याची शक्यता असते.

सफाईनंतर तोच ताण दिला. ७९ अंश, आणि तिथेच स्थिर.

चौथी रात्र: टक्के पुढे गेले, पण

अपग्रेड पुन्हा लावलं आणि यावेळीही समोर बसलो. सत्तावीस गेलं. तीस गेलं, रीस्टार्ट झालं. मामा शेजारीच होते, त्यांनी चहा सांगितला. चौसष्टवर मात्र टक्के अडकले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. मग मागे.

या वेळी आकडा वेगळा होता. पहिला भाग तोच, दुसरा ०एक्स३००१८. सुरुवातीचा अंक ३. म्हणजे नवं विंडोज सुरू झालं होतं, यंत्रातली उपकरणं ओळखत होतं, आणि त्यातल्या एकापाशी अडकलं. उष्णता नक्कीच नव्हती, पंखा शांत होता आणि हवा बाहेर येत होती. आता खरोखर ड्रायव्हरकडे बघायची वेळ होती. पहिल्याच दिवशी मी सगळे ड्रायव्हर उपटत बसलो असतो तर एक रात्रही वाचली नसती.

कोणता ड्रायव्हर, हे शोधायला अंदाज लावत बसू नका. अपग्रेड फसलं की विंडोज १० स्वतःच 'सेटअपडायग' नावाचं साधन चालवतं आणि त्याचा निकाल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, लॉग्ज, त्यात सेटअपडायग, इथे ठेवतं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते. भाषा रुक्ष आहे, पण उपकरणाचं नाव किंवा ओळख-क्रमांक त्यात सापडतो. तिथे काही नसेल तर सी ड्राइव्हवर लपलेलं एक फोल्डर असतं, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं, 'विंडोज' आणि 'बीटी' अशा नावाचं. त्यातल्या सोर्सेसमध्ये 'रोलबॅक' आणि 'पँथर' ही दोन फोल्डरं बघा. लॉग शेवटाकडून वर वाचत यायचा. सुरुवातीपासून वाचलात तर हजारो ओळींत हरवाल.

आमच्या निकालात एका यूएसबी उपकरणाचा ओळख-क्रमांक होता. नेटवर शोधला तर तो अंगठा घेणाऱ्या हजेरीच्या मशीनचा निघाला. मामा म्हणाले, "ते तर बंद पडून जमाना झाला." खरं होतं. मशीन भिंतीवरून काढून तीन-चार वर्षं झाली होती, पण त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये तसाच होता, आणि त्याची केबल एका यूएसबी हबमागे अजून लावलेली होती. दुसरं टोक मोकळंच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की अशी भुतं फिक्या रंगात दिसतात. त्यावर राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल, आणि विचारलं तर 'या उपकरणाचा ड्रायव्हरही काढून टाका' या चौकटीवर खूण. सोबत कंट्रोल पॅनेलमधून त्याचं सॉफ्टवेअर. मुदत संपलेलं एक अँटीव्हायरसही पडून होतं, तेही काढलं. त्याच्या कंपनीच्या साइटवर पूर्ण साफ करण्याचं वेगळं साधन मिळतं ते वापरलं, कारण नुसत्या अनइन्स्टॉलने अँटीव्हायरसचे ड्रायव्हर मागे राहतात. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बायोस आणि चिपसेटचे नवे ड्रायव्हर घातले.

अपग्रेडच्या वेळी प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्ह, हब, सगळं काढून ठेवा. लॅपटॉप आणि चार्जर, बस्स. इंटरनेटसुद्धा सेटअप विचारेल तेव्हा 'आता अपडेट नको' म्हणून बाजूला ठेवता येतं, आम्ही तसं केलं. सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळी जागा असू द्या. आणि सुरू करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी', एक जागा सोडून 'स्लॅश स्कॅननाऊ' हेही इंग्रजीत चालवा. जुन्या विंडोजच्याच फाइली खराब असतील तर ते त्या दुरुस्त करतं.

पाचव्या रात्री एक तास चाळीस मिनिटांत विंडोज ११ आलं.

तुमचा आकडा वेगळा असेल तर

आकडा ०एक्ससी१९००२०० असेल तर पात्रतेची अडचण आहे, पुन्हा टीपीएम आणि सिक्युअर बूट बघा. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादं सॉफ्टवेअर नव्या विंडोजशी जुळत नाही. ०एक्ससी१९००२०ई किंवा ०एक्स८००७००७० म्हणजे जागा नाही.

'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असा संदेश येत असेल तर त्याचा सी ड्राइव्हवरच्या जागेशी संबंध नसतो. डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी १०० एमबीचा एक छोटा कप्पा असतो, तो भरलेला असतो. हार्डडिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल करताना तो तेवढाच लहान राहतो, त्यामुळे असे लॅपटॉप मला बरेच दिसतात. त्यातले वेगवेगळ्या भाषांचे फाँट काढले की जागा होते. पण तो कप्पा बूटचा आहे, एक चुकीची फाइल गेली तर मशीन सुरूच होणार नाही. पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस असू द्या.

दुसऱ्या भागाची सुरुवात ४ ने होत असेल तर अडचण बहुधा एखाद्या वापरकर्त्याच्या फोल्डरात असते. जुन्या, आता कुणी न वापरणाऱ्या लॉगिनचा डेटा काढून घेऊन ते लॉगिनच काढून टाका आणि मग लावा.

नंतरचे दहा दिवस

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात दहा दिवस राहतं, आणि तेवढ्या दिवसांत सेटिंग्जमधून मागे जाता येतं. जागा मोकळी करायच्या नादात ते पहिल्याच दिवशी उडवू नका. त्या दहा दिवसांत रोजची सगळी कामं एकदा तरी करून बघा. आमच्याकडे डॉट मॅट्रिक्सवर चलन पहिल्याच दिवशी छापलं गेलं, पण कागदाची लांबी नव्याने सांगावी लागली. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा घालावा लागला. बँकेची साइट तिसऱ्या दिवशी, पगाराच्या वेळी तपासली आणि चालली. नवव्या दिवशी अण्णांनी वहीच्या मागच्या पानावरच्या यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खुणा केल्या, तेव्हा मी ते फोल्डर डिस्क क्लीनअपमधून काढलं.

बॅटरी नवी मागवली आहे, ती आली की बदलायची. आणि दर वर्षी खंडेनवमीला लूम झाडून-पुसून, तूस काढून पुजतात, त्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉपचंही झाकण उघडायचं असं मामांनी ठरवलंय. स्क्रू ड्रायव्हर आणि ब्रश त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलाय.